रिकामी खुंटी

निघायच्या दिवशी सासूबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "जपून गं. परक्या मुलखात कुठलंच दार आपलं नसतं."

बाई हसल्या. सासूबाईंना साधं काही बोलताच यायचं नाही. पाणी मागतानाही त्या दोन ओळी जुळवून मागायच्या. पण विमानात बसल्यावर बाकीच्या सगळ्या सूचना बाई विसरल्या आणि तेवढं एकच वाक्य काट्यासारखं पदराला अडकून राहिलं.

बाई बालवर्गाच्या. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या मांडीवर बसून अक्षर गिरवायला शिकल्या. आजची कितीतरी बाप्यामाणसं त्यांना रस्त्यात भेटली की अजून नाक पुसून घ्यायला उभी राहिल्यासारखी उभी राहत. एका मोठ्या कंपनीने दरवर्षी काही शिक्षकांना आपल्या खर्चाने परदेशातल्या शाळा दाखवून आणायचं ठरवलं, आणि यंदा निवड झालेल्यांत बाईंचं नाव निघालं, तेव्हा सगळ्यांत जास्त दचकल्या त्या बाईच. लेक म्हणाली, "आई, जा गं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना घंटेवर सोडलंस, एकदा तू सूट." म्हणून आल्या.

तिथल्या मुक्कामाच्या खोलीचं दार आपोआप लागणारं होतं. पहिल्याच सकाळी बाई रिकामी बाटली घेऊन दोन पावलं बाहेर आल्या, मागे 'खट्' वाजलं, आणि किल्लीचं कार्ड आतच राहिलं. बाईंच्या शाळेतल्या वर्गाचं दार सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेलं असायचं. लाकूड फुगलेलं, ते लावायचं म्हणजे दोघांनी खांदा द्यावा लागे. दार असं पाठीमागून, माणसाला न विचारता लागतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लांबच लांब बोळ, पिवळा उजेड. दोन्ही अंगांना सारखी दारं. कुठे चाहूल नाही, भांड्याचा आवाज नाही, कुणाचं खोकणं नाही. पायात सपाता, हातात बाटली. काय करावं? बाईंनी आपल्याच रिकाम्या खोलीचं दार वाजवलं. थांबल्या. पुन्हा वाजवलं.

शेजारच्या खोलीतून दौऱ्यावर आलेले गणिताचे सर बाहेर आले. तोंडात दात घासायचा ब्रश.

"काय हो बाई, आत कोण आहे?"

"कुणी नाही हो सर."

"मग उघडणार कोण?"

सर एवढे हसले की फेस अंगावर सांडला. बाईही हसल्या. खालच्या कचेरीतल्या मुलीने येऊन दार उघडून दिलं, गोष्ट तिथेच संपली. नाश्त्याला सरांनी ती सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितली. रात्री बाईंनी ती फोनवर लेकीलाही सांगितली.

या सगळ्या शिक्षकांना घेऊन फिरणारा कंपनीचा अधिकारी बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा, म्हणून सरांनी त्याचं नाव घड्याळराव पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली तशी घड्याळराव उभे राहिले.

"हे बघा, आपण पाहुणे आहोत. बघायचं, लिहून घ्यायचं. मुलांना हात लावायचा नाही, उचलायचं नाही, गाल ओढायचे नाहीत. बाई, हे खास तुमच्यासाठी."

"मी कशाला गाल ओढू?"

"काल बागेत कुणाचं तरी बाळ उचललंत तुम्ही."

"ते पडत होतं!"

"पडू द्यायचं," घड्याळराव म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.

सोबत एक दुभाषी होती. मूळची आपल्याकडचीच, लग्न होऊन तिथे गेलेली. ती बाईंना मावशी म्हणायची. तिने बाईंना बालवर्गात नेऊन मागच्या भिंतीशी बसवलं आणि म्हणाली, "मावशी, मी त्या दुसऱ्या वर्गात आहे. काही लागलं तर मला बोलवा."

"बोलावू कशी? मला तर इथली हाकही येत नाही."

"हात वर करा," ती हसून म्हणाली, "मुलं करतात तसा." आणि गेली.

वर्ग म्हणजे रंगाची पेटी उघडून ठेवल्यासारखा. बुटकी टेबलं, भिंतीवर बोटांचे ठसे, खिडक्यांना ओढून खाली घ्यायचे जाड पडदे. शिकवणारी शिक्षिका चांगलीच उंच, वाकून वाकून पाठीला बाक आलेली. बाईंना ती बघताक्षणी आपली वाटली. मुलाचं चित्र बघायला ती गुडघ्यावर बसायची आणि उठताना टेबलाला हात टेकून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. बाई उठताना जे पुटपुटत तेच असणार ते. गुडघे सगळ्या देशांत एकच भाषा बोलतात.

दाराशेजारी एक खुंटी होती आणि खुंटीला दोरीत ओवलेलं लाल लाकूड. बाईंनी बराच वेळ बघून त्याचा अर्थ लावला. ज्याला बाहेर मोरीकडे जायचं त्याने ते लाकूड गळ्यात घालायचं आणि जायचं. परत आलं की खुंटीला लावायचं. एका वेळी एकच. खुंटी रिकामी म्हणजे एक लेकरू बाहेर. बाईंना ही युक्ती फार आवडली. घरी गेल्यावर आपणही करायची, त्यांनी मनाशी ठरवलं.

मुलांत एक अगदी बारकी होती. कागद, खडू, डबा, आपल्यापेक्षा मोठं काहीतरी कायम उचलून भिंतीच्या कडेकडेने न्यायची. बाईंनी तिचं नाव मनातच मुंगी ठेवलं. मुंगी खुंटीपाशी गेली, टाचा उंच करून लाल लाकूड काढलं, गळ्यात घातलं. ते तिच्या बेंबीपर्यंत आलं. जाताना तिने बाईंकडे बघून ते दाखवलं, दागिना दाखवावा तसं. बाईंनी डोळे मोठे करून 'वा!' केलं. मुंगी ठुमकत बाहेर गेली.

आणि छतातून आवाज आला.

पुरुषाचा आवाज. शांत. एकच वाक्य. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

बाईंना त्यातला शब्दही कळला नाही. त्यांनी उंच शिक्षिकेकडे बघितलं, आणि शब्द कळायची गरज उरली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणी फडक्याने टिपून घ्यावं तसं गेलं होतं. ती दाराकडे धावली, खटका फिरवला, दिवे घालवले. पडदे सरसर खाली आले. दिवसाढवळ्या वर्गात संध्याकाळ झाली.

मुलं रडली नाहीत. तेच भयंकर होतं. कुणी विचारलं नाही काय झालं, कुणी खुर्ची पाडली नाही. सगळी उठली आणि पुस्तकांच्या कपाटामागे, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून उकिडवी बसली. एकाने येऊन बाईंची बाही धरली आणि ओढली. म्हातारं माणूस चुकलं असेल तर लहानांनी न्यावं, तशी त्यांना कोपऱ्यात नेली. ओठांवर बोट ठेवलं.

बाईंनी आयुष्यभर 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं होतं आणि त्यांच्या वर्गात एक क्षण कधी पूर्ण शांत झाला नव्हता. कुणी ढेकर द्यायचं, कुणी फिसकन हसायचं. ही शांतता तशी नव्हती. कुणीतरी या पोरांना शिकवलं होतं की आवाज केला तर मरण येतं, आणि ती शिकली होती. पाढे शिकावेत तशी. काहीतरी येतंय. काय ते ठाऊक नाही, पण या चिमुकल्यांना ठाऊक आहे.

मग त्यांची नजर खुंटीकडे गेली.

अंधुकात खुंटी दिसत होती. रिकामी.

बाईंनी उंच शिक्षिकेकडे बघितलं. तीही खुंटीकडेच बघत होती. बाईंनी दाराकडे बोट केलं. तिने मान हलवली. नाही. बाईंनी हाताने बुटकी उंची दाखवली, गळ्याभोवती दोरी दाखवली. तिने बाईंचं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा मान हलवली. तिचे डोळे भरले होते. तिला ठाऊक होतं. तरी नाही.

बाहेर, बोळाच्या त्या टोकाला, जड बुटांची पावलं वाजली. सावकाश. एक दार हलवल्याचा आवाज. थांबणं. पुन्हा पावलं. पुढचं दार.

आणि त्यांच्याही पुढे, जवळ, अगदी जवळ, छोट्या पायांची धावती टपटप. ती दाराशी थांबली.

टक, टक.

एवढं हळू की वाळकं पान पायरीवर पडावं. मग एक शब्द. मुंगीचा आवाज. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, श्वासात मिसळलेला. बाईंना त्या देशात कळलेला तो पहिला शब्द. तो 'बाई' असणार. दुसरं काय असणार?

कोपऱ्यातल्या मुलांनी माना खाली घातल्या. एकानेही दाराकडे बघितलं नाही. उंच शिक्षिकेने दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता आणि बाईंच्या मनगटावरची तिची बोटं सुटत नव्हती.

टक, टक.

बाईंची आई कातरवेळी दारात उभी राहून एक ओवी म्हणायची. पोरं सगळी घरात आली का, हे बघण्याची तिची ती रीत होती:

*दिवेलागण झाली बाई, दार लावू मी कशी,*
*एक पाखरू माझं अजून वाटेपाशी.*

पोरगं आत शिरल्याशिवाय दुसरी ओळ पुरी व्हायची नाही. बाईंना ती ओळ अर्धीच ऐकू आली. जड पावलं आता शेजारच्या दाराशी होती. त्यांना ठाऊक होतं की दार उघडलं तर जे काही बोळात आहे ते सगळ्यांवर येईल. हेही ठाऊक होतं की आणखी एकदा टकटक झाली तर त्यांचं काळीज तिथेच फुटेल. त्यांनी मनगट हिसडून सोडवलं. शूर होऊन नव्हे. भिऊनच. भीतीने जे पाय पळतात, त्याच पायांनी त्या दाराकडे पळाल्या.

खटका. फट. हाताला एक खांदा लागला. ओढला. खटका.

मुंगीला पोटाशी दाबून बाई दाराखालीच बसल्या. पोर थरथरत नव्हती, लाकडासारखी कडक झाली होती. आणि तेवढ्यात, त्यांच्या डोक्यावर, दाराची मूठ खाली गेली. वर आली. खाली गेली. लाकडापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. बाईंनी मुंगीचं तोंड आपल्या छातीत लपवलं. मांडीवर काहीतरी ऊन ऊन पसरत गेलं. बिचारीला मोरीपर्यंत जायला सवडच मिळाली नव्हती.

मूठ थांबली. पावलं पुढे गेली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग छतातला आवाज पुन्हा आला, तसाच शांत, दिवे लागले, आणि मुलं उठून अंग झटकत आपापल्या टेबलाशी जाऊन अर्धवट राहिलेली चित्रं रंगवू लागली.

सराव होता.

हे बाईंना मुख्याध्यापिकेच्या खोलीत दुभाषीने सांगितलं. इथल्या शाळांत असा सराव अधूनमधून असतोच. हत्यार घेऊन कुणी शिरलं तर काय करायचं याचा. आधी कुणालाच कळवत नाहीत, शिक्षकांनाही नाही, म्हणजे सगळे खऱ्यासारखं करतात. पाहुण्यांचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

टेबलापलीकडे शाळेच्या सुरक्षेचा माणूस बसला होता. पायात जड बूट, कमरेला किल्ल्या, चेहरा चांगला. दारं हलवून बघणारा तोच. तो आवाज न चढवता बोलला आणि दुभाषी एकेक वाक्य खाली मान घालून सांगत गेली.

"ते म्हणतात, सगळ्या शाळेत फक्त तुमचा वर्ग नापास झाला."

"बरं," बाई म्हणाल्या.

"ते म्हणतात, मी त्या मुलीच्या मागेच होतो. मला ती दिसत होती. दार उघडताना तुम्हीही मला दिसलात. मी खरा असतो तर तुम्ही मला सगळा वर्ग देऊन टाकला असतात."

बाई म्हणाल्या, "आणि न उघडलं असतं तर ती एकटी दिली असती. त्यांना विचार, बाहेर राहिलेल्या मुलाने काय करायचं?"

त्याने उत्तर दिलं. दुभाषीने सांगितलं, "मोरीत जायचं. आतून कडी लावायची. पाय दिसू नयेत म्हणून संडासाच्या भांड्यावर चढून उभं राहायचं. तिला शिकवलंय. ते म्हणतात, ती विसरली. पुढच्या वेळी लक्षात ठेवेल."

"विसरली नाही ती," बाई म्हणाल्या. "आपल्या बाईंकडे आली."

हे दुभाषीने सांगितलं तसे घड्याळराव खाकरले आणि कंपनीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करू लागले; बरीच लांबलचक केली. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "बाई, अहो, पडू द्यायचं म्हटलं होतं ना मी?" पण या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

संध्याकाळी गणिताचे सर बाईंच्या खोलीच्या दाराशी आले. दार उघडं होतं. बाईंनी त्यात आपली चप्पल अडकवून ठेवली होती.

"बाई, बरं केलंत तुम्ही," सर म्हणाले. "मी तर टेबलाखाली होतो. टेबल लहान, मी मोठा. वाघ आला असता तर मला आधी खाल्लं असतं, टेबल नंतर."

बाई हसल्या नाहीत. "सर, तो माणूस खोटं बोलला का?"

सरांनी पायाने चप्पल दारात नीट सारली. "नाही," ते म्हणाले. "आकडे मांडले तर त्याचंच बरोबर येतं. एक बाहेर, बाकीचे आत." मग म्हणाले, "म्हणून तर मला बालवर्गावर नेमत नाहीत."

ते गेल्यावर बाईंनी घरी फोन लावला. लेकीने विचारलं, "काय शिकलीस गं आज?" बाईंच्या तोंडून निघालं, "दार लावायला." लेक हसली. तिला वाटलं, आई कार्डाचं सांगतेय.

दिवसा पोटाशी पोर होती तेव्हा भीती बाहेर होती, दारापलीकडे. आता ती आत येऊन बसली. डोळे मिटले की बाईंना आपलाच वर्ग दिसे, ती सुतळी, तो गज, ते फुगलेलं लाकूड. उद्या तिथे कुणी आलं तर? लावायला दारच नाही. आणि लावलं तर? कोपऱ्यात पोरं आणि बाहेर एक. मनगट धरणारी मीच असेन. बाईंनी स्वतःच्या मनगटाला हात लावून बघितला. उंच शिक्षिकेच्या बोटांचे वळ अजून होते. त्या वळांवर त्यांना राग धरवेना. तिचे हात गार पडले होते. जीव मुठीत धरलेल्या माणसाचे पडतात तसे.

चार दिवसांनी निरोपासाठी सगळे पुन्हा त्या शाळेत गेले. आभाळ भरून आलेलं, ऊन नावाला नव्हतं. बाईंना बालवर्गात जाऊ देतील की नाही अशी शंका होती, पण उंच शिक्षिका स्वतःच दारात उभी होती. तिने बाईंना आत घेतलं. लाल लाकूड खुंटीवर होतं. बाईंनी आधी तेच बघितलं.

उंच शिक्षिका दुभाषीला काहीतरी म्हणाली.

"मावशी, त्या म्हणतात, त्या दिवसापासून ती बारकी मोरीला जात नाही. लाकडाला हात लावत नाही. सकाळपासून घरी जाईपर्यंत तशीच बसून राहते. पाणीसुद्धा पीत नाही."

मुंगी भिंतीशी होती. हातात काही नव्हतं. बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या, उठताना काय होईल ते होवो. हात लावायचा नाही, हे आठवून त्यांनी हात मागे बांधले. मुंगीनेच पुढे होऊन त्यांची बाही धरली आणि वर बघून काहीतरी विचारलं. लहानसा प्रश्न. चार शब्द असतील.

बाईंना तो कळला नाही. पण त्यांनी वर बघितलं तर उंच शिक्षिकेचा चेहरा तसाच झाला होता, छतातला आवाज ऐकल्यावर झाला होता तसा. बाई दुभाषीकडे वळल्या.

"काय म्हणते गं ती?"

"जाऊ दे ना मावशी."

"सांग पोरी."

दुभाषी दुसरीकडे बघत म्हणाली, "ती विचारते, या गेल्या की मग उघडणार कोण?"

बाईंना बोळातला सकाळचा तो पिवळा उजेड आठवला, सरांचं हसू आठवलं. त्यांनी तोंड उघडलं. पण 'तुझ्या बाई उघडतील' हे वाक्य खरं आहे की नाही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बालवर्गात खोटं बोलायचं नसतं. तेवढं पोरं लगेच ओळखतात.

मग उंच शिक्षिका खाली बसली. आधी एक गुडघा, मग दुसरा. बाईंच्या शेजारी, जमिनीवर. आणि मुंगीशी बोलू लागली. हळू, पुष्कळ वेळ. मध्येच तिचा आवाज फाटला, तिने तो पुन्हा शिवला. दुभाषी सांगायला वाकली तशी बाईंनी तिला अडवलं.

"नको सांगूस. ते त्या दोघींचं आहे."

मुंगी ऐकत होती. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते कान देऊन ऐकावं, तशी. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बाईंची बाही मात्र तिने सोडली. मग भिंतीच्या कडेकडेने खुंटीपर्यंत गेली आणि लाल लाकडाला एक बोट लावलं. लाकूड हललं. तिने ते काढलं नाही. नुसतं हलताना बघत राहिली.

घड्याळरावांनी बाहेरून हाक मारली.

गाडी फाटकातून निघाली तेव्हा बाई खिडकीशी होत्या. बालवर्गाच्या खिडक्या रस्त्याकडेच होत्या. आतल्या दिव्यांचा उजेड, बोटांचे ठसे, कपाटाची कड, सगळं दिसत होतं. बाई खुंटी शोधत होत्या. ती भिंत आता दिसेल, आता दिसेल, असं वाटत असतानाच पहिल्या खिडकीचा पडदा खाली आला.

मग दुसरीचा.

"सर," बाई म्हणाल्या, "पडदे का पाडताहेत?"

"ऊन लागत असेल," गणिताचे सर म्हणाले, आणि मग त्यांनीही वर आभाळाकडे बघितलं.

तिसरीचा पडदा उतरला. आतले दिवे गेले. बाईंचं बोट आपोआप वाकलं आणि गाडीच्या काचेवर वाजलं. टक, टक. काच जाड होती. गाडी वळली. आणि बाईंना साऱ्या जगातलं एवढं एकच कळायला हवं होतं, की या घटकेला खुंटीवर लाल लाकूड आहे की नाही.